जुनी गाडी घ्यावी का? पत्रा, मिस्त्री आणि नागसेनाचा रथ



संयोजकांनी ओळख करून देताना सांगितलं, की आम्ही तीसेक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं आणि आज जुन्या स्पोर्ट्स कारवर बोलणार आहोत. तेव्हा पुढच्या दोन रांगांत थोडी चुळबुळ झाली, ती आम्ही पाहिली. (हशा) ती रास्तच आहे. समोर वीज केंद्रातले निवृत्त अभियंते बसलेत, फिटर बसलेत, त्यांच्यापुढे आम्ही यंत्रावर काय बोलणार? पण बारा वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी गाडी घेतली, ती घेताना चुकलो, आणि ती चूक निस्तरताना जे शिकलो ते सांगण्यासारखं आहे असं वाटतं.

निमित्त असं झालं. गेल्या दिवाळीत आपल्या दीपनगर वसाहतीतला एक तरुण अभियंता घरी आला. वय तिशीच्या आत. त्याने मोबाईलवर फोटो दाखवला : इंग्लंडमधली १९७३ ची ट्रायम्फ स्पिटफायर. लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची. म्हणाला, "सर, तुमच्याकडे हेराल्ड आहे, तुम्हाला यातलं कळतं. घेऊ का?"

आम्ही म्हटलं, "चहा घे आधी." कारण 'घेऊ का' या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या चहाच्या वेळचं उत्तर आहे, जरा लांबवलेलं.

पहिली गोष्ट, हा प्रश्न त्याला आत्ताच का पडला? फार वर्षं आपल्याकडे नियम असा होता, की १९५० च्या आधी बनलेलीच जुनी गाडी हौसेखातर बाहेरून आणता येई. २०२५ मध्ये तो बदलला. आता पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी आणता येते, आणि ही पन्नाशीची रेघ दरवर्षी एक वर्षाने पुढे सरकते. म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातल्या युरोपियन गाड्या एकदम आवाक्यात आल्यासारख्या वाटू लागल्या. 'वाटू लागल्या' म्हणतो, कारण आयात शुल्क, जहाजाचं भाडं, बंदरातला खर्च असं सगळं धरलं तर गाडीची मूळ किंमत हा हिशोबातला लहान आकडा ठरतो. तो हिशोब ज्याचा त्याने करावा. आम्ही बोलणार आहोत त्यानंतरच्या खर्चाबद्दल, जो पैशात मोजून संपत नाही.

आता स्पिटफायर आणि आमची हेराल्ड यांचं नातं सांगतो, म्हणजे आम्हाला बोलायचा अधिकार कुठून आला ते कळेल. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीने १९५९ मध्ये हेराल्ड नावाची छोटी गाडी काढली. तिचं रूप घडवलं इटलीतल्या तूरिनच्या जिओव्हान्नी मिकेलोत्ती यांनी. त्या काळात बाकीच्या कंपन्या चेसी आणि बॉडी एकजीव करू लागल्या होत्या. हेराल्डला मात्र खाली वेगळी चेसी आणि वर नट-बोल्टने जोडलेले बॉडीचे तुकडे. याचा एक फायदा असा, की सुटे भाग पेटीत भरून परदेशी पाठवायचे आणि तिथे जोडायचे, हे सोपं झालं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती भारतात बनवायला घेतली. आपल्याकडे रस्त्यावर ॲम्बेसिडर होती, कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट होती आणि तिसरी ही स्टँडर्ड हेराल्ड. पुढे तिला इथे चार दारंही आली.

याच हेराल्डची चेसी आखूड करून, तेच पुढचं-मागचं सस्पेन्शन ठेवून, मिकेलोत्तींनीच दोन माणसांची स्पोर्ट्स कार आखली, ती स्पिटफायर. १९६२ मध्ये ती बाजारात आली. ११४७ सीसीचं इंजिन, ताकद ६३ अश्वशक्ती. आजच्या साध्या कुटुंबाच्या गाडीचं इंजिनही याहून दमदार असतं. मग ती स्पोर्ट्स कार कशी? तर हलकी म्हणून. वजन सातशे किलोच्या आसपास, बसायची जागा जमिनीलगत, आणि वळण इतकं आखूड की पंचवीस फुटांत गाडी पूर्ण फिरते. साठचा वेग शंभरसारखा वाटतो. वेग आकड्यात नसतो, अंगाला जाणवतो. तेव्हा आमची हेराल्ड ही त्या स्पिटफायरची थोरली बहीण. दोघींची दुखणी बरीचशी सारखी.

आता आमची चूक. बारा वर्षांपूर्वी मुंबईकडची १९६६ ची हेराल्ड विकायला आहे असं कळलं. आम्ही बघायला गेलो. रंग असा चकचकीत, की त्यात तोंड बघून भांग पाडावा. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. आम्ही बॉनेट उघडलं. हेराल्डचं बॉनेट पुढच्या बाजूला उलटं पडतं, अख्खं इंजिन आणि पुढची चाकं समोर उघडी होतात, चाकावर बसून काम करता येतं. ते दृश्य बघून आमचा विवेक संपला. (हशा) सौदा झाला.

गाडी भुसावळला आणली आणि आमच्या मिस्त्रींना दाखवली. त्यांना इथे सगळे चाचा म्हणतात, आम्हीही म्हणतो. तारुण्यात त्यांनी फियाट आणि हेराल्डवर हात बसवलेला. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं, दाराच्या खालच्या कडेला लावलं आणि सोडलं. ते खाली पडलं. चार बोटं पलीकडे लावलं, पडलं. मग म्हणाले, "सर, तुम्ही इंजिन बघितलं. पत्रा बघायचा होता. ही गाडी नाही, ही लांबी आहे लांबी." म्हणजे पुट्टी. गंजून गेलेला पत्रा, त्यावर पुट्टीचे थर, त्यावर रंग. दुसऱ्या पावसाळ्यात दाराखालचा तुकडा हातात आला.

तर मंडळी, पहिला धडा हा. जुनी गाडी घेताना इंजिन शेवटी बघा, पत्रा आधी बघा. इंजिन बिघडलं तर उतरवता येतं, बोअर करता येतं, लेथवर काम होतं. सांगाडा कुजला तर गाडी कशावर उभी करणार? हे कसं बघायचं तेही सांगतो. एक, दिवसा उजेडात बघा, आणि गाडी धुतलेली, ओली असताना कधीच बघू नका. ओल्या पत्र्यावर सगळे खड्डे झाकले जातात. दोन, लोहचुंबक. जिथे पुट्टी जाड तिथे ते धरत नाही. तीन, दारं उघडून लावून बघा. दार खाली बसलं असेल, फटी वर अरुंद आणि खाली रुंद असतील, तर मधला सांगाडा वाकलाय. स्पिटफायरमध्ये हे फारच महत्त्वाचं. तिची चेसी आखूड करताना बाजूचे आधार काढून टाकले आणि तो भार दाराखालच्या पत्र्याच्या पेटीवर टाकला. हेराल्डला ती पेटी म्हणजे जवळजवळ शोभा, स्पिटफायरला तो कणा. चार, मॅट उचला, खाली काय आहे ते बोटांनी दाबून बघा. पाच, जॅक लावून गाडीखाली जा, स्वतः जा, दुसऱ्याला पाठवू नका.

मग इंजिन. या जातीच्या इंजिनाचं एक जुनं दुखणं आहे. एकाने क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने क्रँकच्या पुढच्या पुलीकडे बघायचं. पुली डोळ्यांना दिसेल एवढी पुढे सरकली, तर आतले थ्रस्ट वॉशर झिजलेत. ते वेळेवर बदलले तर स्वस्तात सुटका होते. गळून पडले तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात. असल्या पाच मिनिटांच्या परीक्षेने लाखाचं नुकसान टळतं.

आणि शेवटी कागद. आर.सी. बुकावरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा. खडूने घासून वाचा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद झालीय का बघा. इथे आमचा मूळ विषय येतो, म्हणून जरा थांबतो.

राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. नागसेन राजाला विचारतो, तू रथातून आलास ना? मग रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाक म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. मग हे सगळं सोडून आणखी कुठे रथ आहे का? तेही नाही. तर रथ हे एक व्यवहाराचं नाव आहे, असं नागसेन दाखवून देतो. आपल्या न्याय-वैशेषिकांना हे पटलं नाही. ते म्हणाले, अवयवांहून वेगळा असा अवयवी असतो, तो अवयवांत राहतो. पण मग एक अवयव बदलला तर? तेव्हा त्यांना म्हणावं लागलं, की जुना अवयवी गेला, नवा झाला. ग्रीकांकडे हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाचा आहे : एकेक फळी बदलत गेलो, शेवटी एकही जुनी उरली नाही, तर जहाज तेच का? आणि सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली : त्या काढलेल्या जुन्या फळ्या कुणी साठवून त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं जहाज कोणतं?

आम्ही वर्गात हे वर्षानुवर्षं शिकवलं. पण त्याची धग घरी लागली. आमच्या गॅरेजमागे एक गोणी आहे. हेराल्डचे काढलेले सगळे जुने भाग त्यात : पंप, बुश, पत्र्याचे तुकडे, एक कार्बोरेटर. आमच्या सौभाग्यवती दर दिवाळीला विचारतात, "ती गोणी भंगारवाल्याला देऊ का?" आणि आम्ही दर दिवाळीला म्हणतो, "त्यात गाडी आहे." (हशा) एकदा त्या म्हणाल्या, "मग बाहेर उभी आहे ती कोण?" सांगा, काय उत्तर द्यायचं?

सरकारने मात्र उत्तर दिलंय, आणि ते वाचण्यासारखं आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या, खाजगी गाड्यांसाठी वेगळी तरतूद झाली. गाडी मूळ रूपात राखलेली हवी. चेसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. अशा गाडीला नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. आणि अट अशी, की ही गाडी रोजच्या वापराला नाही, धंद्याला नाही. प्रदर्शन, रॅली, अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. म्हणजे कायदा म्हणतो : चेसी, बॉडी, इंजिन या तिघांत गाडीचं 'तेच'पण आहे, बाकी बदला. नागसेनाला हे मान्य झालं नसतं. पण व्यवहाराचं नाव व्यवहाराने ठरवावं, एवढं त्यानेही मान्य केलं असतं.

आता देखभाल. इथे फिटर मंडळी आमच्या चुका काढतील, काढा. हेराल्ड-स्पिटफायरच्या पुढच्या चाकाला, खालच्या बाजूला ट्रनियन नावाचा पितळी भाग असतो. त्याच्या आट्यांत उभा दांडा फिरतो आणि त्यावर चाक वळतं. या ट्रनियनला ग्रीस भरायचं नसतं, गिअरचं जाड तेल घालायचं असतं, ९० नंबरचं. बहुतेक गॅरेजांत पोरगा ग्रीस गन घेतो आणि सगळ्या निपलांत सारखंच भरतो. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. आत पाणी जातं, दांडा गंजतो आणि एक दिवस वळणावर तुटतो, चाक बाहेर पडतं. वर्षातून एकदा दहा मिनिटांचं काम, त्यावर तुमचा जीव आहे. हे चाचांनी आम्हाला सांगितलं. गाडीच्या जुन्या पुस्तकातही आहे, पण पुस्तक आम्ही नंतर वाचलं.

दुसरं, मागचं सस्पेन्शन. वरून आडवा पाटा आणि दोन्ही बाजूंना झुलणारे अर्धे आस. वेगात वळणात शिरलात आणि घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते. १९७० नंतरच्या स्पिटफायरमध्ये यावर चांगला उपाय केला, म्हणून त्या पोराची १९७३ ची गाडी या बाबतीत बरी. आधीच्या गाडीला एकच उपाय : वळणाआधी वेग कमी करा, वळणात पाय स्थिर ठेवा.

तिसरं, पेट्रोल. ही इंजिनं शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी बनली. ते शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीला वंगणासारखं जपायचं. आपल्याकडे २००० सालापासून शिसं गेलं, ते आपल्या मुलांच्या मेंदूसाठी चांगलंच झालं. पण जुन्या हेडमध्ये कडक धातूच्या सीट बसवून घ्याव्या लागतात. आणि आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, भेगाळतं, आणि हवेतलं पाणी ओढून टाकी आतून गंजवतं. म्हणून पेट्रोलचे सगळे पाईप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घाला. गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर टाकीतल्या पेट्रोलचा विचार करा. आग लागते ती बहुतेक वेळा पन्नास रुपयांच्या पाईपने.

चौथं, आपलं खानदेशचं ऊन. मे महिन्यात ४४-४५ अंशांत इंजिनालगतच्या पाईपात पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो, गाडी बंद. जुनी माणसं पंपावर ओलं फडकं ठेवत, आम्हीही ठेवतो. पण खरा इलाज म्हणजे पाईप इंजिनापासून दूर न्या, रेडिएटर आतून साफ करून घ्या, आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडी बाहेर काढू नका. आपल्या कोरड्या हवेचं एक भलंही आहे : कोकणात किंवा मुंबईत पत्रा जितका गंजतो तितका इथे नाही. म्हणून गाडी कुठे राहिली होती हे विचारा, किती चालली हे नंतर विचारा. आणि आपल्याकडची धूळ असो की राख, कोरड्या फडक्याने पुसू नका. पाण्याने सोडवा, नाहीतर रंग घासला जातो.

ब्रेकचं तेल दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतून पाणी पितं. १९६७ च्या आधीच्या स्पिटफायरमध्ये बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, आपल्या सवयीच्या उलट. हे न बघता बॅटरी लावली तर रेडिओपासून सुरुवात होते.

एवढं सगळं ऐकून तो पोरगा म्हणाला, "सर, भाग मिळतील का?" मिळतील. इंग्लंडमध्ये स्पिटफायर तीन लाखांच्या वर बनल्या. तिथे ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लब १९७७ पासून आहे. दाराखालची पेटीसुद्धा नवी बनवून मिळते. उलट आमच्या भारतीय हेराल्डचे काही पत्रे कुठेच मिळत नाहीत, ते ठोकून बनवावे लागतात. म्हणून आम्ही त्याला दुसरा प्रश्न विचारला : "भाग येईल रे पेटीतून, हात कुठून येईल?"

हे आम्हाला का सुचलं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. हातही थोडा थरथरतो. त्याच सुमारास मुंबईच्या एका संग्राहकाने आमच्या गाडीला चांगली किंमत देऊ केली. तो तिला सगळी खोलून कारखान्यातून आल्यासारखी करणार होता. आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. रात्री झोप येईना. किंमत चांगली होती. आम्ही सत्तरी ओलांडलेली, मुलांना या गाडीत रस नाही. विकण्यात चूक काहीच नव्हती.

सकाळी चाचांकडे गेलो. ते म्हणाले, "विका सर. पण ते दार मी ठोकलंय, त्याच्या आतून माझ्या हातोडीच्या खुणा आहेत. ते नवीन दार घालतील." एवढंच. पुढे दुसरं काम करायला लागले.

देवळाचा जीर्णोद्धार आपण करतो, तेव्हा कधी कधी जुना दगड काढून ग्रॅनाईट लावतो आणि देऊळ चकचकीत होतं. देव तोच असतो, पण ज्यांनी दगड घासून गुळगुळीत केला त्या पावलांची खूण जाते. गाडीतही असंच आहे. नवी करणं आणि जतन करणं या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलीला पैसा लागतो, दुसरीला माणूस लागतो, जो दर वर्षी ट्रनियनमध्ये तेल घालेल.

इथे बसलेल्यांना आम्ही हे काय नव्याने सांगावं? आपल्या केंद्रातले जुने संच तुम्ही चालवलेत. संच बंद होतो तो एका दिवसात मोडतो म्हणून नाही. त्याचे भाग मिळेनासे होतात, आणि त्याचा आवाज ओळखणारी माणसं निवृत्त होतात. तुम्हीच ती माणसं. ते ज्ञान वहीत पूर्ण उतरत नाही. हातातून हातात जातं, नाहीतर जात नाही.

आम्ही गाडी विकली नाही. एका अटीवर ठेवली, आणि ती अट आम्ही स्वतःलाच घातली : चाचांकडे शिकायला कुणीतरी हवं. आय.टी.आय. झालेला एक मुलगा आता त्यांच्याकडे असतो. त्याचा तास आम्ही देतो, म्हणजे आमच्या गाडीच्या कामाचे पैसे थोडे जास्त मोजतो, आणि चाचांनी प्रत्येक काम त्याच्या हाताने करून घ्यायचं. काम दुप्पट वेळ घेतं. घाई कुणाला आहे?

तर त्या तरुण अभियंत्याला, आणि तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर त्यालाही, आमचं उत्तर तीन प्रश्नांत. पत्रा पाहिलास का? तुझ्या गावापासून तासाभराच्या अंतरावर या गाडीला हात लावणारा माणूस आहे का? आणि तुझ्यानंतर ती कुणाकडे जाईल याचा विचार केलास का? तिन्हींना हो असेल तर घे, आम्ही बंदरावर यायला तयार आहोत. एकालाही नाही असेल तर फोटो मोबाईलवर ठेव, फोटोला गंज चढत नाही.

त्याने अजून गाडी घेतलेली नाही. पण गेले चार महिने तो दर रविवारी सकाळी चाचांच्या गॅरेजात जातो. परवा चाचांनी आम्हाला फोन केला. म्हणाले, "सर, तुमच्या पोराने आज ट्रनियनला बरोबर तेल घातलं, ग्रीस नाही." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तो स्वतःच तयार करतोय, असं दिसतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि त्या गोणीचं काय करायचं, हेही कुणीतरी सांगा.